उत्तरेची बाजू

उद्यम भवनाच्या सगळ्या खिडक्या मी काढल्यात.
बांधल्या नाहीत, काढल्या.
त्र्याहत्तर साली, शरणपूर रोडवरच्या एका माडीवर,
कुलथे साहेबांच्या पेन्सिलीवर ट्रेसिंग पेपर अंथरून,
शाईच्या पेनानं, श्वास धरून.
चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं,
नखानं घासायचं, परत काढायचं.
घरी गेले तरी बोटांना अमोनियाचा वास.

नऊ मजले, दोनशे सोळा खिडक्या,
पैकी एकशे बासष्टांवर छज्जे:
पूर्व, दक्षिण, पश्चिम.
उत्तरेच्या चोपन्न उघड्या.
"उत्तरेला ऊन येत नाही, बाई," साहेब म्हणाले,
"आणि सिमेंट परमिटवर मिळतं."

तेव्हा नाशकात लोक
टोपी मागून धरून वर बघायचे.
शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा भिंतीवर तशाच ठेवल्या,
गिलावाच केला नाही,
तर कुणीतरी विचारलं, पैसे संपले का?

आता समोर, रस्त्याच्या उत्तरेला, झेनिथ स्क्वेअर.
चोवीस मजले. त्याची काच
माझ्या भाचीनं, शाल्मलीनं, बसवली,
म्हणजे तिच्या कंपनीनं, पण ती "मी" म्हणते
आणि मला ते पटतं.
"यात खिडकी अशी नसतेच, आत्या," ती म्हणाली,
"सगळं कातडं."
पांडवलेण्याचा डोंगर त्या कातड्यात दुपारभर
तुकड्या-तुकड्यांनी उभा असतो.
तिथं रेषेनं रेषेला चुकून धक्का दिला
तर कॉम्प्युटर लाल होतो.
चूक कागदाबाहेर पडूच शकत नाही.

माझी पडली होती.

उद्यम भवनाचं ऑडिट निघालं तेव्हा
महापालिकेतल्या नकाशांची वाळवीनं माती केलेली,
नि माझी गुंडाळी माळ्यावर, पाइपात, कोरडी.
इंजिनिअर पोरं, मी आणि शाल्मली
मोझेकच्या जिन्यानं चढलो (लिफ्टला सुट्टी),
पारव्यांच्या विष्ठेवरून, पानाच्या पिंकांजवळून.
सातव्या मजल्यावर, पश्चिमेला,
टेप लावणारा मुलगा थांबला.
बाकी सगळ्या साडेचार फूट. ही पावणेपाच.
गुंडाळी उलगडली. पावणेपाचच लिहिलेलं.
माझं अक्षर. सहाच्या जागी नऊ इंच.

भिला मिस्त्रीला कळलं नसेल असं नाही.
त्यानं कागदावर भरवसा ठेवला,
तीन इंच वीट कमी लावली
आणि पुढं सरकला.
पन्नास वर्षं त्या खिडकीशी कोण कोण बसलं असेल,
इतरांपेक्षा तीन इंच जास्त उजेडात,
पगारपत्रकं जुळवत, डबा उघडत.
आता तिथं एक मनीप्लांट होता, माजलेला.
मी माफी मागावी असं मला वाटलं नाही.

मग आम्ही उत्तरेच्या बाजूला गेलो
आणि मला काही दिसेना.

मार्गशीर्षातली दुपार, दोनचा सुमार.
समोरच्या चोवीस मजल्यांनी दक्षिणेचं ऊन
घेतलं होतं आणि जसंच्या तसं
आमच्या अंगावर टाकलं होतं.
जिथं पन्नास वर्षं थंड, निळसर सावली,
तिथं टेबलं पांढरी झाली होती.
कारकुनांनी काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली,
पिवळी पडलेली, मथळे उलटे.
सोज्वळ जाधव नावाच्या बाईंनी
मॉनिटरवर टॉवेल टाकला होता, पुढं घुंगटासारखा.
"काच आली तेव्हापासून," त्या म्हणाल्या,
तक्रारीच्या सुरात नाही,
पाहुणे किती दिवस राहिले ते सांगावं तशा.

शाल्मली गप्प. तिच्या कॉम्प्युटरात
आमची इमारत करड्या रंगाचं खोकं होती,
खिडक्यांशिवाय.
बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
"छज्जा किती खोल लागेल, आत्या?"

सूर्य वरून येतो तेव्हाचं मला तोंडपाठ आहे.
समोरून, काचेतून येतो
त्याचा हिशेब साहेबांनी शिकवला नव्हता.
मी पर्समधून विजेचं बिल काढलं,
पाठीमागची कोरी बाजू वर केली.
"पेन्सिल दे," म्हटलं,
आणि तिच्याकडं पेन्सिल नव्हती.
सोज्वळबाईंनी दिली, टोक तुटलेली.